मधली चार मिनिटं

दादाच्या डाव्या दंडाला रबरी पट्टा आवळून त्याची बहीण, सगळ्यांची 'पिशवी', शीर शोधत होती आणि दादा तिसऱ्यांदा विचारत होता, "तो नक्की देतो म्हणाला ना?"

"मूठ मिट."

"काय?"

"मूठ! मिट!"

डाव्या बाजूला बसून दादाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तो कान छापखान्यातल्या यंत्रांनी केव्हाच खाल्ला होता. उजवा शाबूत होता, पण त्याच्यामागे गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं की गाठ निघेल, पण ऐकू येणं राहील की जाईल याची खात्री देता येत नाही. मधे चार दिवस होते. दुसरा कुणी असता तर त्याने बायकोशी चार शब्द गोड बोलून घेतले असते. दादाने एकच धोशा लावला होता. त्याच्या आवडत्या बँडच्या एकशे चौदा नंबरच्या कार्यक्रमातलं मधलं गाणं त्याला ऐकायचं होतं. ते गाणं त्याच्या धाकट्या भावाकडे होतं, आणि धाकट्याशी तो बावीस वर्षं बोलत नव्हता.

"देतो म्हणाला," पिशवी उजव्या कानाकडे वाकून ओरडली. "चार वाजता घेऊन येतोय. आता हात हलवू नकोस."

ती सुई घालताना नेहमीसारखी गुणगुणत होती. लॅबमधे घाबरट पेशंट मुद्दाम तिच्याकडे पाठवायचे, कारण ती गुणगुणायला लागली की माणूस तिच्या तोंडाकडे बघत बसायचा आणि तेवढ्यात तीन नळ्या भरलेल्या असायच्या.

"आलं सुईचं गाणं," दारातून दादाची लेक म्हणाली. ही जनावरांची डॉक्टर, रविवारी आईला मदत करायला म्हणून आली होती आणि अजून एका कपालाही तिचा हात लागला नव्हता. "लहानपणी हे ऐकू आलं की मी पलंगाखाली जायचे, आत्या."

"तिथूनही ओढून काढायचे तुला. कापूस दे."

पिशवी हे काही तिचं नाव नव्हे. बँडच्या कार्यक्रमांना रेकॉर्डर आत न्यायला बंदी होती. दारावरचे रखवालदार पुरुषांचे खिसे चाचपायचे आणि बायकांच्या पिशवीत मात्र सहसा हात घालायचे नाहीत. म्हणून दोन्ही भाऊ तिला बरोबर न्यायचे. तिच्या पिशवीत तळाला दोन रेकॉर्डर, वर लोकर आणि विणायच्या सुया. बँडचे इतर चाहतेही तिला हळूहळू पिशवीच म्हणायला लागले. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. अकरा वर्षांत बँडच्या एकशे चौदापैकी चौऱ्याऐंशी कार्यक्रम तिने असे पार पाडले होते, आणि त्या चौऱ्याऐंशी कार्यक्रमांत तिला एकदाही टाळी वाजवू दिली नव्हती.

कारण नियम होते. माइकजवळ टाळी वाजवायची नाही. हसायचं नाही, गाणं सोबत म्हणायचं नाही, खुर्ची करकरवायची नाही. "आज खोकलीस तर कॅसेटवर जन्मभर खोकत राहशील," दादा म्हणायचा. सगळं सभागृह उभं राहून नाचतंय आणि आपण तिघं दगडासारखे बसलोय. एकदा शेजारच्या बाईंनी तिला हळूच विचारलं होतं की घरात कुणी गेलं आहे का.

"बाबा, काका आला तर त्याच्याशी नीट बोलणार ना?" लेकीने विचारलं.

"तो नीट बोलला तर."

"तू आधी बोल ना."

"मी का? गाणं त्याने दाबून ठेवलंय."

पिशवीने खाली मान घालून नळीवर चिठ्ठी चिकटवली. बोलायला तोंड नव्हतं. दादाला तिने सांगितलं होतं की धाकटा गाणं द्यायला तयार आहे. धाकट्याला सांगितलं होतं की दादा गाणं ऐकवायला तयार आहे. दोन्ही थापा होत्या. बावीस वर्षं हा म्हणतो गाणं त्याच्याकडे, तो म्हणतो याच्याकडे. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय एवढं तिला कळत होतं. कोण ते कळायला दोघांना एका खोलीत कोंडणं भाग होतं. त्यानंतर जे होईल ते होईल. ती सत्तावन्न वर्षांची होती आणि या दोघांचे निरोप वाहून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

वहिनी स्वयंपाकघरात ट्रेमधे पाच कप मांडत होती. सहा महिन्यांपूर्वी कुणी तिला सांगितलं असतं की धाकटे दीर या घरात चहा प्यायला येतील, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. आणि आता ते येत होते तर तिला आनंद व्हायच्या ऐवजी चीडच येत होती.

बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत कॅसेटांची होती. सव्वातीनशे. बँडचे त्यांनी स्वतः टेप केलेले कार्यक्रम आणि बदल्यात आलेले इतरांचे. प्रत्येकीच्या पाठीवर दादाच्या छापखानी अक्षरात नंबर, सभागृह, रांग. पुसल्या जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीच्या वरचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडलेले. वहिनीच्या शिवणयंत्राला या घरात जागा नव्हती. ते बारा वर्षं गॅलरीत प्लॅस्टिकखाली उभं होतं. पण कॅसेटांना ऊन लागता कामा नये, दमट हवा लागता कामा नये, आणि त्यांच्याजवळ लोहचुंबक असलेली कुठलीही वस्तू येता कामा नये. लेक तीन वर्षांची असताना फ्रिजवर चिकटवायचं एक बदक घेऊन त्या भिंतीकडे धावत गेली होती. तेव्हा हे एवढे ओरडले होते की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

पण कॅसेटांचंही एक वेळ चालवून घेतलं असतं. पत्रांचं काय करायचं? जगात कुठे कुठे हे चाहते पसरलेले. बँड फुटून बावीस वर्षं झाली तरी त्यांचं वेड उतरत नाही. शेवटच्या कार्यक्रमात, म्हणजे एकशे चौदामधे, बँडने एक नवं गाणं एकदाच म्हटलं. त्याला अजून नावही ठेवलेलं नव्हतं. पुढे दोन महिन्यांत त्यांचं आपसात बिनसलं आणि ते गाणं कुठेच बाहेर आलं नाही. तेव्हापासून ते गाणं मागणारी पत्रं, मग ईमेल. उत्तरं वहिनी लिहायची, कारण यांना लिहिता लिहिता संताप यायचा. उत्तर ठरलेलं होतं: ते गाणं माझ्या दिरांकडे आहे, पत्ता खाली दिला आहे. आणि तिकडे जाऊबाई बसून उत्तर लिहायच्या: ते गाणं माझ्या मोठ्या दिरांकडे आहे, पत्ता खाली दिला आहे. एका बिचाऱ्या दातांच्या डॉक्टरने अशा अकरा फेऱ्या मारल्या. बारावीला तो स्वतः दारात उभा राहिला. वहिनीने त्याला चहा दिला, आणि त्याने जाताना तिची दाढ बघून दिली.

"वहिनी, वाजले किती?" पिशवी रक्ताच्या नळ्या फ्रिजमधे ठेवत म्हणाली.

"पावणेचार. खरं सांग मला. ते खरंच द्यायला येताहेत?"

पिशवीने फ्रिजचं दार लावलं. मग उघडलं. मग परत लावलं.

"थाप मारलीस तू," वहिनी म्हणाली.

"दोघांना."

वहिनीने हातातली बशी ओट्यावर ठेवली. तिला ओरडायचं होतं, पण बाहेर हे बसले होते, सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून. रेकॉर्डरच्या हेडवरून कापसाचा बोळा चार वेळा फिरवून झाला होता. गुरुवारची यांना भीती वाटत होती. रात्री झोपेत उजव्या कानावर हात ठेवून झोपत होते. ती तिथेच शेजारी असायची आणि काही करू शकत नव्हती. त्या मेल्या गाण्याने चार दिवस सुखाचे जाणार असतील तर जाऊ देत, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"यांचा आज विरस झाला ना," वहिनी म्हणाली, "तर मी त्या भिंतीला लोहचुंबक लावीन. सांगून ठेवते."

"मी धरू लागेन," पिशवी म्हणाली.

धाकटा तीन मजले जिन्याने चढून आला. तो लिफ्टचा मेकॅनिक होता आणि या इमारतीतली लिफ्ट दर मजल्याला जो आवाज करत होती तो ऐकून त्याने तिच्यात पाय ठेवायला नकार दिला. शर्टाच्या खिशात त्याची एकशे चौदा नंबरची कॅसेट होती, दादाच्या कॅसेटशी जोडून बघायला आणलेली. ती खिशात असताना तो सरळ चालत होता, वाकत नव्हता.

त्याची तयारी झाली होती. दादा आजारी आहे, त्यामुळे आवाज चढवायचा नाही. दादा गाणं ऐकवेल, आपण ऐकायचं, छान आहे म्हणायचं, आणि घरी जायचं. पण एक शब्द मात्र तो विसरणार नव्हता. मदतनीस.

अकरा वर्षं दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केलं होतं. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं चालते. मग ती उलटायची, आणि तेव्हाच बॅटऱ्या बदलायच्या, नाहीतर पुढच्या बाजूला गाणी हळूहळू लोळायला लागतात. हे सगळं काळोखात, मांडीवर, नुसतं चाचपून. त्यात तीन-चार मिनिटं जायची. एका माणसाच्या टेपमधे तेवढं भोक पडायचंच. म्हणून यांची पद्धत होती. दादा पहिल्या सुरापासून टेप करायचा. धाकटा दहा मिनिटं थांबून सुरू करायचा. दादाची कॅसेट संपली की धाकट्याची चालू असायची, धाकट्याची संपली की दादाची दुसरी बाजू चालू. घरी येऊन जोडलं की कार्यक्रम अखंड. त्यांच्यासारखे अखंड कार्यक्रम कुणाकडेच नव्हते. आणि मग चाहत्यांमधे फिरणाऱ्या यादीत दादाने छापलं: ध्वनिमुद्रण, स्वतःचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात, मदतनीस, धाकटा भाऊ. ती यादी धाकट्याच्या हातात पडली शेवटच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. अकरा वर्षं आपण फक्त ठिगळ लावत होतो काय?

दार लेकीने उघडलं. तिने त्याला मिठी मारली आणि दोन पावलं मागे सरून कॅसेट चेपली नाही ना ते पाहिलं. कुणाची मुलगी आहे ते लगेच कळलं.

दादा खुर्चीत होता. केस सगळे पांढरे झालेले. धाकटा नुसताच खोकला.

"सदतीस नंबरवर असाच खोकला होता," दादा म्हणाला. बावीस वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"सव्वीस वर्षं झाली त्या खोकल्याला, दादा."

"कॅसेटवर आहे अजून. ये. या बाजूला बस, मला इकडून ऐकू येतं."

तो उजव्या बाजूला बसला. चहा आला. पिशवी दाराजवळ उभी होती, जणू दोघांपैकी कुणी पळालं तर पकडायला. मग दोघेही एकदमच बोलले.

"आण," दादा म्हणाला.

"लाव," धाकटा म्हणाला.

"काय लाव?"

"काय आण? तू ऐकवणार आहेस ना?"

"मी? तू देणार आहेस ना?"

दोघांनी वळून दाराकडे पाहिलं.

"ताई," धाकटा म्हणाला.

"हो, थाप मारली," पिशवी म्हणाली. "मारली थाप. काय करायचं ते करा. बावीस वर्षं मी तुमची टपालपेटी झालेय. हा म्हणतो त्याच्याकडे, तो म्हणतो याच्याकडे. एक जण खोटारडा आहे. आज कोण ते कळल्याशिवाय मी कुणाला या दारातून बाहेर सोडणार नाही."

"माझ्याकडे कुठून असणार?" दादाचा आवाज चढला. "माझी कॅसेट त्या गाण्याच्या आधीच संपली! मी बॅटऱ्या बदलत होतो. पुढचं नेहमीसारखं यानेच घेतलं असणार. आणि मी मागितलं तर हा काय निरोप पाठवतो? चेष्टा करू नकोस म्हणे."

"चेष्टाच होती ती!" धाकटा उभा राहिला. आवाज चढवायचा नाही हे तो विसरला. "माझ्याकडे नाही हे तुला माहीत होतं. त्या दिवशी मी पहिल्यापासून चालू केलं होतं. मी नाही लावणार ठिगळ, ठरवूनच आलो होतो. तुझ्या पुढे दोन रांगा बसलो होतो, माझा लाल दिवा तुला दिसत होता. दिसला ना?"

"दिसला. मला वाटलं तपासून बघतोयस."

"तपासून?"

"मला वाटलं, बंद करशील आणि दहा मिनिटांनी लावशील. भांडण झालं म्हणून काय झालं? तू कार्यक्रमात भोक पाडशील असं मला कशाला वाटेल?"

धाकट्याने कप टेबलावर ठेवला.

"आणि तुला काय वाटलं?" दादाने विचारलं.

"मला वाटलं, तू दिवा बघितलास म्हणजे तू सांभाळून घेशील. आधीच उलटवशील. तू कधी काही सुटू दिलंस का? मला काय माहीत!"

वहिनीला आधी अर्थच लागला नाही. मग हळूहळू लागला, आणि तिला त्या दातांच्या डॉक्टरचा चेहरा आठवला.

"म्हणजे," लेक एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ते कुणाकडेच नाही?"

"असं कसं?" दादा म्हणाला. "असं होऊच शकत नाही. लाव. दोन्ही लाव."

लेकीने दोन रेकॉर्डर शेजारी शेजारी मांडले. आधी दादाची एकशे चौदा. ही कॅसेट घरात कधी वाजत नसे. भोक पडलेली कॅसेट म्हणून दादा तिच्याकडे बघायचाही नाही. पहिल्या बाजूच्या शेवटी गायक बोलत होता: हे गाणं आम्ही परवाच केलंय, याला नाव सुचत नाहीये, तुम्हाला सुचलं तर... आणि खट्. कॅसेट संपली. धाकट्याची लावली. तोच गायक, तेच वाक्य. सुचलं तर कळवा. लोकांचं हसणं. गिटारचे दोन सूर. खट्.

दादाने डोळे मिटले. धाकटा टेबलाची कड धरून उभा होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि तो बघवत नव्हता.

"दोघांची डोकी खाली होती," पिशवी म्हणाली.

"काय?"

"मी तुझ्या शेजारी बसले होते. तू माझ्या उजवीकडे, हा पुढे दोन रांगा. दोघं एकदमच वाकलात. तुझी एक बॅटरी खाली पडली, ती मी पायाने तुझ्याकडे सरकवली. चार मिनिटं दोघांची डोकी खालीच होती."

"मग हे तू आजवर बोलली का नाहीस?" दादा किंचाळला.

"मला कुणी विचारलं?" आता पिशवीचा आवाज दोघांच्या वर गेला. "ताई, हे दे. ताई, ते आण. ताई, खोकू नकोस. ताई, त्याला सांग. कधी एकाने तरी विचारलं का, काय गं, तुला काय दिसलं? तुला कार्यक्रम आवडला का? चौऱ्याऐंशी कार्यक्रम! मला काय कळणार बॅटऱ्यांचं? मला वाटलं हीच तुमची पद्धत!"

दादा खुर्चीत मागे टेकला आणि त्याने उजव्या कानावर हात ठेवला. वहिनीने ते पाहिलं आणि तिचा राग जागच्या जागी विरला. हे आता गुरुवारी असेच जाणार, असं तिला वाटलं. भांडायलाही कुणी उरलं नाही, म्हणजे वाट बघायलाही काही उरलं नाही.

"दुसरी बाजू लाव गं," ती लेकीला म्हणाली. "शेवट तरी असेल."

"शेवटचे आठ सेकंद आहेत," दादा म्हणाला. "मग टाळ्या."

लेकीने दादाची कॅसेट उलटी करून लावली. खरखर, आणि मग गायकाची शेवटची ओळ, खाली उतरत जाणारी, आणि अगदी टोकाला पुन्हा एक पायरी वर चढून थांबणारी. मग टाळ्यांचा भडिमार.

लेकीने बटण दाबून थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं.

"आत्या," ती म्हणाली, "हे सुईचं गाणं आहे."

"काहीतरीच."

"अगं, नळी काढताना तू हेच म्हणतेस. असंच खाली येऊन मग वर. मघाशी म्हणालीस. माझ्या अंगावर अजून काटा येतो."

पिशवीने कपाळाला आठ्या घातल्या. ती स्वतःशीच हळू गुणगुणायला लागली, हात नकळत सुई धरल्यासारखा. वहिनीच्या हातातला कप तसाच राहिला. शेवट तंतोतंत तोच होता.

"हो की," पिशवी म्हणाली. "तेच असेल. मला कुठे माहीत. डोक्यात बसलं होतं इतकंच."

"शेवटच बसलाय की सगळं?" धाकट्याने विचारलं.

"सगळं. साधंच आहे. एक माणूस दुसऱ्याच्या घराची किल्ली परत करायला निघतो. रस्ताभर ठरवतो काय बोलायचं ते. तीन कडवी. जाऊन बघतो तर दार उघडंच असतं." ती चिडूनच सांगत होती. "त्या वेळी मला दुसरं काम काय होतं? विणणंही दिसत नव्हतं. तुम्ही दोघं खाली वाकलेले, मी ऐकत बसले. आख्ख्या सभागृहात धड ऐकणारी मी एकटी असेन."

चार मिनिटांचं गाणं. बावीस वर्षं ते लॅबमधल्या दोन नंबरच्या खुर्चीशेजारी रोज तीस-चाळीस लोकांना फुकट ऐकू येत होतं.

दादा उठला. त्याने कपाट उघडलं आणि कोरी कॅसेट काढली, वरचे तुकडे शाबूत असलेली. वेष्टन धाकट्याने फाडलं.

"अरे, फोनवर घेते मी," लेक म्हणाली.

"फोन ठेव," दोघं एकदमच म्हणाले.

"मी गाणार नाही," पिशवी म्हणाली. "माझा आवाज तसा नाही. सुई हातात असली की येतं मला, एरवी नाही."

वहिनी आत गेली आणि शिवणयंत्राच्या डब्यातली सुई घेऊन आली. तिने ती पिशवीच्या बोटांत ठेवली. पिशवीने तिच्याकडे अशी नजर टाकली की दुसरी कुणी असती तर जळून गेली असती.

दोन भाऊ माइक ठेवायच्या जागेवरून वाद घालत होते. टेबलावर ठेवला तर टेबल घुमतं. उशीवर ठेवला तर आवाज बसतो. शेवटी तो उलट्या पातेल्यावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला गेला आणि वहिनीने हात टेकले. धाकट्याने रेकॉर्डर दादाच्या मांडीकडे सरकवला. दादाने तो परत सरकवला.

"आज तू घे."

"आणि तू?"

"मी मदतनीस," दादा म्हणाला.

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि उगाचच बॅटऱ्या तपासल्या.

दादाने खुर्ची उचलून पिशवीच्या समोर, अगदी जवळ आणली. उजवा कान तिच्याकडे केला. हात मांडीवर रिकामे होते. इतक्या वर्षांत कार्यक्रमात त्याचे हात रिकामे कुणी पाहिले नव्हते, आणि त्यांचं काय करावं हे त्यालाही कळत नव्हतं.

"खोकायचं नाही," धाकट्याने सगळ्यांना बजावलं. "खुर्ची वाजवायची नाही. संपल्यावरही मी खूण करेपर्यंत कुणी हलायचं नाही." आणि त्याने बटण दाबलं.

पिशवी म्हणाली. पहिल्या कडव्याला ती चिडलेलीच होती, त्यामुळे आवाज थोडा वर लागला. दुसऱ्या कडव्यात ती सुईकडे बघायला लागली आणि आवाज आपल्या जागी आला. गळा साधाच होता, वयाचा. शब्द एकही अडला नाही. दादा कान पुढे करून बसला होता आणि त्याचे ओठ तिच्या मागोमाग हलत होते, आवाज न करता. किल्ली घेऊन निघालेला माणूस तिसऱ्या कडव्यात दारापाशी पोहोचला. शेवटची ओळ खाली उतरत गेली आणि टोकाला एक पायरी वर चढून थांबली.

कॅसेट फिरत होती. वहिनीने श्वास रोखला होता. धाकट्याने बोट वर धरलं होतं, थांबा, थांबा म्हणून.

दादाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मोठमोठ्याने, तळवे लाल होतील अशा, माइकपासून दोन हातांवर.

"दादा!" धाकटा ओरडला. "टेप चालू आहे!"

"असू दे," दादा म्हणाला, आणि वाजवत राहिला.